रीचरचं तिसावं पुस्तक : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय वर्गणीवर चालतं. दोन खोल्या, अकरा कपाटं, दारात चपला काढायची जागा. इंग्रजी थ्रिलरचं एक कपाट आहे आणि त्यातला मधला खण ली चाइल्ड या लेखकाच्या एकट्या जॅक रीचर या नायकाने अडवलाय. दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊन पडतात त्याच सुमारास या मालिकेचं नवं पुस्तकही बाजारात येतं, आणि मग महिनाभर तेच ते प्रश्न. कोणी फोनवर विचारतं, कोणी मी पावती फाडेपर्यंत. उत्तरं देता देता चहा गार होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती वेगळी काढायच्या भानगडीत पडलो नाही.

नवा भाग कोणता? आणि कितवा?

'एक्झिट स्ट्रॅटेजी'. नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. कादंबऱ्यांच्या हिशेबात तिसावा. पहिली कादंबरी 'किलिंग फ्लोअर' १९९७ ची. तेव्हापासून दर वर्षी एक, एकदाही खंड नाही. फक्त २०१० साली दोन आल्या. 'नो मिडल नेम' नावाचा २०१७ चा कथासंग्रह आहे, तो या तिसात धरत नाहीत. आमच्याकडे तो असूनही कोणी नेत नाही, का ते कळत नाही. प्रवासात वाचायला उत्तम आहे.

हा रीचर म्हणजे कोण? मी एकही पुस्तक वाचलेलं नाही.

अमेरिकी लष्कराच्या पोलीस दलातला माजी मेजर. खास तपास करणाऱ्या ११० व्या तुकडीत होता. १९९७ मध्ये लष्कर सुटलं, तेव्हापासून नुसता भटकतोय. घर नाही, गाडी नाही, फोन नाही, बॅगसुद्धा नाही. खिशात घडीचा टूथब्रश आणि थोडी रोकड. २००१ च्या हल्ल्यानंतर ओळखपत्राशिवाय अमेरिकेत फिरणं अवघड झालं, तेव्हा त्यात पासपोर्ट आणि एटीएम कार्डाची भर पडली. उंची सहा फूट पाच इंच, वजन अडीचशे पौंडांच्या घरात, म्हणजे आपल्या हिशेबात ११३ किलो. डोक्यात घड्याळ आहे, रात्री कितीही वाजता जागा झाला तरी वेळ बरोबर सांगतो. कॉफी कोरी, आणि किती कप याला मोजमाप नाही.

कपडे स्वस्तातल्या दुकानातून घ्यायचे, तीनचार दिवस घालायचे आणि नवे अंगावर चढवले की जुने तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. आमच्या एका सभासद काकूंचा यावर कायमचा आक्षेप आहे. "अहो, धुवायला काय होतं मेल्याला?" रीचरचं म्हणणं असं, की जादा शर्ट ठेवला की जादा पँट लागते, मग बॅग लागते, बॅग ठेवायला घर लागतं, आणि मग माणूस घराचे हप्ते भरत बसतो. काकूंना हे पटलेलं नाही. पुस्तकं मात्र त्यांनी माझ्या आधी संपवली.

नव्या पुस्तकात गोष्ट काय आहे? फार न सांगता सांगा.

बाल्टिमोर शहर, थंडीचे दिवस. रीचर कॉफी प्यायला बसलाय. कोपऱ्यातली खुर्ची, तोंड दाराकडे. दोन गिऱ्हाइकांशी थोडी बाचाबाची होते, ती त्याच्या पद्धतीने मिटते. बाहेर पडताना दारात एक तरुण पोरगा त्याला घासून जातो. रीचर लगेच खिसा चाचपतो. पैसे आहेत, पासपोर्ट आहे. काही गेलेलं नाही. पुढे दुकानात तो एक कोट घेतो आणि जुन्या खिशातल्या वस्तू नव्या खिशात टाकताना हाताला एक चिठ्ठी लागते. हाताने लिहिलेली, मदत मागणारी. म्हणजे त्या पोराने खिसा मारला नव्हता, खिशात काहीतरी घातलं होतं.

इथवर सांगितलं तर कोणाचं नुकसान नाही, एवढं तर पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरही छापतात. मला ही सुरुवात आवडली, कारण ती जुन्या वळणाची आहे. एक साधी वस्तू, एक चुकलेला अंदाज, आणि माणूस गुंतला.

आधीची २९ वाचली नाहीत तर चालेल का?

चालेल. मालिका तशीच रचलेली आहे. रीचर बसमधून उतरतो, गावात काहीतरी कुजलेलं असतं, ते निस्तरतो, पुन्हा बस पकडतो. मागच्या गावची माणसं पुढच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. त्यामुळे कुठलंही पुस्तक उचला, अडणार नाही.

पण दोन अपवाद लक्षात ठेवा. पहिला, 'किलिंग फ्लोअर' शक्यतो लवकर वाचा. त्यात त्याच्या भावाबद्दल, ज्योबद्दल, जे कळतं ते पुढे अनेक पुस्तकांत गृहीत धरलंय. दुसरा अपवाद चार पुस्तकांच्या साखळीचा: '६१ अवर्स', 'वर्थ डाइंग फॉर', 'अ वाँटेड मॅन' आणि 'नेव्हर गो बॅक'. पहिल्यात दक्षिण डाकोटातल्या बर्फात फोनवर एका बाईचा आवाज ऐकू येतो. ती त्याच्या जुन्या तुकडीची नवी प्रमुख. तिला भेटायला निघालेला हा माणूस पोहोचतो चौथ्या पुस्तकात. मधे नेब्रास्का लागतं, तिथे तो अडकतो. शिवाय '६१ अवर्स'चा शेवट असा तोडलाय की पुढचं पुस्तक हातात नसेल तर झोप लागत नाही. ही दोन्ही २०१० चीच. ती मी एकत्रच देतो, वर्गणी एका पुस्तकाची असली तरी. नियमात बसत नाही, पण रात्री साडेदहाला फोन येण्यापेक्षा बरं.

मग सुरुवात नव्यापासून करू का?

नको. हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्यामुळे नव्या पुस्तकाची रांग थोडी कमी होते हा वरचा फायदा. 'वन शॉट' (२००५) पासून करा. इंडियानातल्या एका शहरात संध्याकाळी कचेऱ्या सुटायच्या वेळी एक बंदूकधारी पार्किंगच्या इमारतीतून सहा गोळ्या झाडतो, पाच माणसं मरतात. पुरावे इतके पक्के की काही तासांत माणूस पकडला जातो. तो एवढंच म्हणतो, जॅक रीचरला बोलवा. आणि रीचर येतो तो त्याला वाचवायला नाही, तर त्याला गाडायला. पुढे काय होतं ते वाचा.

हिशेबात रस असलेल्यांना मी 'बॅड लक अँड ट्रबल' (२००७) देतो. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका सभासदांनी ते तीनदा नेलंय, आणि तिन्ही वेळा पहिल्या काही पानांसाठी. रीचर ओरेगनमधल्या पोर्टलंडला एटीएमवर उभा आहे. खात्यात किती असायला हवेत ते त्याला तोंडपाठ. यंत्र त्याहून हजारावर जास्त दाखवतं. कोणीतरी १,०३० डॉलर भरलेत. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. हा विचार करत बसतो की हजार का नाहीत, अकराशे का नाहीत, बरोबर १,०३० च का. मग उलगडतं: लष्करी पोलिसांच्या वायरलेसवर १०-३० म्हणजे सहकारी संकटात, ताबडतोब मदत हवी. फोन नसलेल्या, पत्ता नसलेल्या माणसाला निरोप पाठवायचा तर तो त्याच्या पासबुकातूनच. आमचे बँकवाले काका म्हणतात, "चाळीस वर्षं नोंदी तपासल्या, एकीतही असं काही सापडलं नाही."

मागच्या काळातल्या गोष्टी हव्या असतील तर 'द एनिमी' (२००४) घ्या. १९९० ची पहिली रात्र, बर्लिनची भिंत पडलेली, आणि लष्करात कोणाची नोकरी राहणार कोणाची जाणार याची चिंता. त्याच्या फ्रेंच आईचा जो भाग त्यात आहे, तो मालिकेतला सगळ्यात हळवा. 'द अफेअर' (२०११) मध्ये तो लष्कर का सोडतो ते आहे. 'द सीक्रेट' (२०२३) १९९२ सालात घडतं.

ली चाइल्ड हे खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव जेम्स ग्रँट, जिम म्हणतात. जन्म १९५४, कॉव्हेंट्री, वाढला बर्मिंगहॅमला. म्हणजे अमेरिकेचा हा सगळ्यात अमेरिकी नायक एका इंग्रजाने घडवलाय. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये अठरा वर्षं नोकरी केली, कामगार संघटनेचा प्रतिनिधी होता. १९९५ मध्ये कंपनीने फेररचना काढली आणि हा चाळिशीचा माणूस घरी बसला. दुकानातून कागद आणि पेन्सिल आणली आणि लिहायला बसला. पुढे दर वर्षी १ सप्टेंबरलाच नवं पुस्तक सुरू करायचं, हा नेम त्याने पाळला.

नोकरी गेलेल्या माणसाने नोकरी गेलेला नायक लिहिला, हे 'किलिंग फ्लोअर' वाचताना जाणवतं. फरक इतकाच की रीचरला नोकरी गेल्याचं दुःख नाही. ज्याला हप्ते फेडायचे होते त्याने हप्ते नसलेला माणूस रचला.

'ली' आलं घरातल्या एका विनोदातून. रेनोच्या 'ल कार' नावाच्या गाडीचा उच्चार एका अमेरिकी माणसाने 'ली कार' असा केला, मग घरात सगळ्याच गोष्टी 'ली' झाल्या. 'चाइल्ड' मात्र हिशेबाने निवडलं: इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या फळीवर ते रेमंड चँडलर आणि अगाथा ख्रिस्ती या रहस्यकथाकारांच्या मधे येतं. मी फळ्या लावणारा माणूस आहे, मला याचं भारी कौतुक. आमच्या कपाटातही तो बरोबर तिथेच बसलाय. गिऱ्हाईक ख्रिस्तीबाईंकडे जाता जाता याच्यावर अडखळतं.

आणि 'रीचर' हे आडनाव सुपरमार्केटमधलं. जिम ग्रँट चांगलाच उंच. एका म्हाताऱ्या बाईने त्याला वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितलं. बायको म्हणाली, लिखाण नाही जमलं तर दुकानात हात पुरवायची नोकरी तरी मिळेल तुला.

कव्हरवर दोन नावं का? नेमकं लिहितंय कोण?

जानेवारी २०२० मध्ये ली चाइल्डने जाहीर केलं की आता पुरे, पुढची गादी धाकटा भाऊ चालवेल. भावाचं नाव अँड्र्यू ग्रँट, वयाने जवळजवळ चौदा वर्षांनी लहान, स्वतःच्या नावावर थ्रिलर लिहिलेला. गादीवर बसताना त्याने आडनाव बदलून अँड्र्यू चाइल्ड केलं. 'द सेंटिनल' (२०२०) हे पंचविसावं पुस्तक दोघांच्या नावावर आलं, आणि तेव्हापासून कव्हरवर दोन्ही नावं आहेत.

याआधी लीचा बेत वेगळा होता. शेवटच्या पुस्तकात रीचरला मारायचं, कुठल्यातरी मोटेलच्या न्हाणीघराच्या फरशीवर रक्त जाऊन जाऊन; नावही ठरलेलं होतं, 'डाय लोनली'. ते त्याच्याने झालं नाही. वाचकांनी हाय खाल्ली असती हे एक, आणि बहुधा त्याचा स्वतःचाही हात उचलला नसता हे दुसरं. मग गाण्याच्या घराण्यात होतं तसं केलं. गळा थकला, बंदिशी भावाला दिल्या.

दुसऱ्याने लिहिलेला नायक तोच राहतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि विचारणाऱ्याला माझं उत्तर नको असतं, त्याचं स्वतःचं सांगायचं असतं. तरी सांगतो.

ली चाइल्डची एक पद्धत होती: जे झटपट घडतं ते सावकाश लिहायचं, आणि जे सावकाश घडतं ते झटपट उरकायचं. तीन दिवसांचा बसप्रवास एका ओळीत. पण हाणामारीतला एक सेकंद दोन पानं. 'वन शॉट'मध्ये बारबाहेर पाच जण त्याला घेरतात. रीचर मारायच्या आधी मनात मोजतो. पाच दिसतात, पण लढायचंय तिघांशीच: एक म्होरक्या, दोन उत्साही. म्होरक्या पडला, उत्साही दोघे पडले, की उरलेले दोघे नेहमीच पळतात. मग कोण कुठे उभा आहे, कोणाचं वजन कुठल्या पायावर आहे, कोपर कुठे बसेल. आणि मग धाड. वाचणाऱ्याला मारामारीपेक्षा त्या आधीच्या मोजदादीची चटक लागते. आमच्या गल्लीत क्रिकेटवरून भांडण झालं तेव्हा मीही खिडकीतून मोजलं होतं. दोघे पळाले, खरंच.

त्याची दुसरी युक्ती उत्कंठेची. तो म्हणायचा, घरच्यांना भूक लागावी म्हणून काय करायचं? जेवण चार तास उशिरा वाढायचं. प्रश्न आधी टाकायचा, उत्तर लांबवायचं, बास. मोठं शास्त्र नाही. पण ते लांबवणं कंटाळवाणं होऊ न देणं, हे मात्र हाताला लागतं.

आता नवी पुस्तकं. अँड्र्यू वाईट लिहीत नाही, कथानकं तर कधी कधी मोठ्या भावापेक्षा गुंतागुंतीची रचतो. 'द सेंटिनल'मध्ये टेनेसीतल्या एका गावाचे सगळे संगणक खंडणीसाठी कुलूपबंद झालेत. 'नो प्लॅन बी'मध्ये (२०२२) एका बाईला बसखाली ढकलताना रीचर बघतो आणि धागा मिसिसिपीतल्या तुरुंगापर्यंत जातो. 'इन टू डीप'ची (२०२४) सुरुवात तर झकास: अंधाऱ्या खोलीत रीचर जागा होतो, हात बेड्यांनी जखडलेले, मनगट मोडलेलं, आणि इथे कसा आलो ते आठवत नाही. ज्याच्या डोक्यात घड्याळ आहे त्याचीच आठवण काढून घेतली. ही कल्पना लीलाही सुचली असती तर तो खूश झाला असता.

पण माझी तक्रार एकच. रीचर हल्ली बोलतो. जुन्या पुस्तकांत एक वाक्य शेकडो वेळा येतं, 'रीचर काहीच बोलला नाही'. समोरचा धमकी देतो, रीचर काहीच बोलला नाही. बाई रडते, रीचर काहीच बोलला नाही. त्या गप्प बसण्यात तो काय विचार करतोय हे आपण भरायचं. नव्या पुस्तकांत तो टोमणे मारतो, समजावून सांगतो, वाद घालतो. गडी तोच, पण ओसरीवर बसून गप्पा मारायला लागलाय. पंचवीस पुस्तकं वाचलेल्याला हे खटकतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला अजिबात खटकत नाही, हेही खरं. गेल्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलीने 'इन टू डीप' आधी वाचलं आणि 'किलिंग फ्लोअर' नंतर. परत देताना म्हणाली, "काका, हा जुना फार घुम्या आहे." मी काहीच बोललो नाही.

लेखक बदलून चाललेल्या मालिका आणखी आहेत का?

आहेत. इयन फ्लेमिंग १९६४ मध्ये गेले, जेम्स बाँड अजून नव्या नव्या लेखकांच्या हातून येतोच आहे. स्टीग लार्सन २००४ मध्ये गेले, त्यांची 'गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'वाली नायिका लिस्बेथ २०१५ पासून दुसऱ्यांच्या पुस्तकांत पुढे चालली. पण तिथे मूळ लेखक हयात नव्हते. इथे थोरला भाऊ जिवंत, धडधाकट, आणि धाकट्याचं लिखाण बघायला हजर. असं कमी घडतं.

आपल्या मराठीत असं काही होतं का?

होतं की! बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं माझ्या वडिलांच्या पिढीला पाठ. माझे वडील अर्नाळकरांची पुस्तकं पाठ्यपुस्तकात लपवून वाचायचे आणि मार खायचे. वर्षाला एक पुस्तक म्हटल्यावर ते हसले असते; त्यांच्या लहानपणी वाचनालयात आठवड्याला नवं लागायचं. तेव्हाचे वाचकही 'नवा झुंजार आला का' असंच विचारायचे. पुस्तकाचं नाव कोणी विचारायचं नाही. आजही बघा, 'एक्झिट स्ट्रॅटेजी आहे का' असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "नवा रीचर आला?"

इंग्रजी झेपेल का? मराठी माध्यमातला आहे मी.

झेपेल. मीही मराठी माध्यमाचाच. रीचरची इंग्रजी वाक्यं आखूड असतात, कर्ता-क्रियापद-पूर्णविराम. अलंकार नाहीत. बंदुकांची आणि लष्करातल्या पदांची नावं अडतील, ती सोडून द्या, काही बिघडत नाही. पहिली तीस पानं जड जातील, नंतर शब्दकोश कुठे ठेवला ते आठवणार नाही.

पडद्यावरचा रीचर कोणाचा चांगला, टॉम क्रूझचा की त्या दुसऱ्याचा?

दुसऱ्याचा. त्याचं नाव ॲलन रिचसन. टॉम क्रूझने २०१२ आणि २०१६ मध्ये दोन सिनेमे केले. पहिला 'वन शॉट'वरून, दुसरा 'नेव्हर गो बॅक'वरून. पहिला सिनेमा म्हणून चांगलाच आहे. पण सहा फूट पाच इंचांचा माणूस टॉम क्रूझला करायला लावायचा, म्हणजे गामा पैलवानाच्या भूमिकेला जॉकी घेण्यासारखं. वाचक खवळले. लीने आधी क्रूझची बाजू घेतली, नंतर त्यालाही वाचकांचं म्हणणं पटलं.

रिचसनची प्राइम व्हिडिओवरची मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. पहिला सीझन 'किलिंग फ्लोअर', दुसरा 'बॅड लक अँड ट्रबल', तिसरा 'पर्सुएडर'. चौथ्यासाठी 'गॉन टुमॉरो' (२००९) निवडलंय. ते पुस्तक आधी वाचाच. रात्री दोन वाजता न्यूयॉर्कची मेट्रो, डब्यात रीचर धरून सहा माणसं. समोरच्या बाईकडे बघता बघता तो मनातल्या यादीवर खुणा करत जातो. आत्मघाती हल्लेखोर ओळखायची यादी: ऋतूला न शोभणारा जाड कोट, घाम, पुटपुटणारे ओठ, पिशवीत खुपसलेला हात. एकेक खूण जुळत जाते आणि गाडी एकेक स्टेशन घेत जाते. लोकलच्या शेवटच्या गाडीने घरी जाणाऱ्यांनी हे प्रकरण घरी वाचावं.

रीचरचं आता वय काय?

जन्म २९ ऑक्टोबर १९६०, बर्लिन. म्हणजे नवं पुस्तक आलं त्याच्या चारआठ दिवस आधी त्याला पासष्ट पूर्ण झाली. आपल्याकडे एसटीत सवलत मिळायचं वय. तरी तो चौघांना लोळवतो. याचा विचार करू नका. लेखकही करत नाहीत.

आठवीतल्या मुलाला देऊ का?

नको. शिव्यांपेक्षा मारहाण जास्त आहे, आणि ती तपशिलात आहे. 'वर्थ डाइंग फॉर' आणि 'मेक मी' (२०१५) या दोन पुस्तकांत खलनायकांचे धंदे असे आहेत की मोठ्यांनाही जेवण जात नाही. दहावी झाल्यावर या.

सिग्नलवर अर्ध्या किमतीत मिळतंय, ते घेऊ का?

मी एकदा घेतलं होतं, म्हणून सांगतो. 'पर्सुएडर'. कव्हर झकपक, आतली अक्षरं झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी. तेही चालवून घेतलं. रीचर त्या राक्षसासारख्या पहारेकऱ्यासमोर उभा राहिला, मी पान उलटलं, आणि मागचीच सोळा पानं पुन्हा सुरू. बांधणीत एक फर्मा दोनदा आला होता, पुढचा गायब. त्या मारामारीचं काय झालं हे मला चार महिन्यांनी कळलं, खरी प्रत आली तेव्हा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा फुटपाथवर वापरलेली अस्सल प्रत मिळते, ती घ्या. घेण्याआधी पृष्ठक्रमांक मात्र चाळा.

तुमच्याकडे नवीन प्रत कधी मिळेल?

एकच घेतली आहे. आठ दिवसांनी परत, मुदतवाढ नाही. वहीत नाव लिहून ठेवा. जे नाव लिहितात आणि फोन केला की "अहो, मी किंडलवर वाचलं" म्हणतात, त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान वेगळं ठेवलंय.

शेवट काय होतो ते सांगाल का?

नाही. आणि प्रतीत पेन्सिलीने लिहूही नका. आमच्या 'वन शॉट'च्या पहिल्या कोऱ्या पानावर कोणीतरी लिहून ठेवलंय, 'खरा गुन्हेगार अमुक'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'चूक. तमुक.' दोन्ही नावं तशीच ठेवली आहेत मी. खोडरबर टेबलावरच असतो, पण दोन्ही चुकीची आहेत.